सीटवरची थाप

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

फोनवर बाबांचं नाव निघालं की तुझ्याकडची लाइन बरोब्बर तुटते. सुरुवातीची काही वर्षं मी तुमच्या टेलिफोन खात्याला शिव्या घालत होते, मग डोक्यात प्रकाश पडला. म्हणून हे पत्र. पत्र मधेच कट करता येत नाही. फाडता येतं, पण तू नकाशे काढणारा माणूस, कागद फाडताना तुझाच जीव वर-खाली होईल.

बाबांचं हृदय थकलंय. शब्द डॉक्टरांचा. पायांवर सूज आहे, आडवं झालं की दम लागतो, म्हणून पाठीशी तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपतात. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "महिना, फार तर दीड महिना. कोणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या." मी मान डोलावली. आपल्याकडे बोलवायला आहे कोण? आई मी चार वर्षांची असताना गेली. राहता राहिलास तू.

तू ये, एवढंच मागायला हे पत्र लिहितेय. बाबांना बोलता येतंय, माणसं ओळखता येतायत, तोवर ये. तीस वर्षं झाली. आता तरी ये.

आणि एक गंमत ऐक. परवा मी कामावरून आले (हो, अजून त्याच खोलीत बसून लोकांच्या कवळ्या बनवते, दुसऱ्यांचे दात घासून घासून माझे झिजायची वेळ आली) तर बाबा म्हणाले, "माळ्यावरची विलायती खाली काढ." तुझी सायकल! तुला अठरावं लागलं तेव्हा निवृत्त स्टेशनमास्तरांकडून त्यांनी घेतलेली, काळी, तीन गेअरची. मी म्हटलं, "आता कशाला तो सांगाडा?" तर म्हणाले, "नीट करून ठेव. त्याची वस्तू आहे, त्याला द्यायची." मी म्हटलं, "मला नाही येत आता." त्यावर जे माझ्याकडे बघितलं, ते तुला माहीत आहे. सायकलींचं दुकान बंद होऊन दहा वर्षं झाली, पण मिस्त्रीची नजर गेलेली नाही.

शेजारच्या सुतारकाकांनी आणि मी मिळून ती उतरवली. पुढच्या चाकाला धरणारा वाकलेला चिमटा, गंजलेली रिम, फ्रेमवर कोळ्यांचा संसार. बाबांच्या पलंगासमोर फरशीवर जुनी चादर अंथरून ठेवलीय. ते वरून मुकादमी करतात आणि मी खाली मजुरी.

मी तीस वर्षांत पान्ह्याला हात लावलेला नाही, तुला माहीतच आहे. का, ते तू कधी विचारलं नाहीस. 'वायसरला कंटाळा आला' असं तूच ठरवून टाकलंस. मीही 'हो' म्हटलं.

वहिनीला नमस्कार. ये.

तुझी,
वायसर

११ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. 'सायकल भंगारात दे. मी येणार नाही.' सहा शब्द. एवढ्यासाठी तिकीट कशाला वाया घालवलंस?

बाबांना कार्ड दाखवलं नाही. त्यांनी विचारलं, "काय म्हणतो?" मी म्हटलं, "कामात आहे." ते म्हणाले, "असणारच." आणि लगेच, "बॉटमचा कप निघाला का?"

तर तो कप. तुला आठवतं, पायडलचा दांडा फ्रेमच्या ज्या नळीतून आरपार जातो, तिच्या दोन्ही तोंडांना कप असतात. डावा निघाला. उजव्याला मी तासभर झोंबले. रॉकेल सोडलं, हातोडीने ठोकलं, पान्ह्याला पाइप लावून लोंबकळले. हात सोलून निघाले. बाबा सगळं बघत होते, हूं की चूं नाही. शेवटी मी पान्हा आदळला तेव्हा म्हणाले, "विलायती आहे ती. उजव्या बाजूला आटे उलटे. तू सोडवत नव्हतीस, आवळत होतीस." आणि असे हसले, की खोकल्याची उबळ आली, आणि मला त्यांना पाठीमागून धरून बसावं लागलं. बरगड्या हाताला लागतात रे. तो दणकट माणूस, एका हाताने सायकल उचलून खुंटीला टांगणारा, त्याच्या बरगड्या मोजता येतात.

फ्रेमचा रंग मी हाताने काढतेय. बाबांनी बजावलंय, भट्टीत द्यायचं नाही, घासायच्या चाकाच्या मशीनला लावायचं नाही. जिथे नळ्या एकमेकींत बसतात तिथल्या कड्या किती नाजूक घासलेल्या असतात, मला माहीतच नव्हतं. काळ्या रंगाखाली त्यांच्या कडेने सोन्याची बारीक रेघ निघाली. कोणीतरी तिकडे, साता समुद्रापलीकडे, ब्रश हातात धरून श्वास रोखून ती ओढली असणार. चिमटा लेथवाल्याने सरळ करून दिला. त्याने विचारलं, "कशाला आपटली होती?" मी म्हटलं, "पुलाच्या कठड्याला."

तुझं म्हणणं मला पाठ आहे, दादा. आठ दिवसांनी तुला मोजणी खात्यात रुजू व्हायचं होतं. डोंगर चढायचे, निशाणं रोवायची, तंबूत राहायचं. त्या सकाळी तू कागद द्यायला निघालास. पुलाच्या चढावर पायडलवर उभा राहिलास आणि पायडल एकदम रिकामं फिरलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या गेअरच्या मधे मागच्या चाकाच्या मधल्या हबमध्ये एक रिकामी जागा असते, केबलवरचा लॉकनट आवळलेला नसला की ती सैल पडते आणि गेअर तिथे जाऊन बसतो. तू कठड्यावर गुडघ्यावर पडलास. वाटीचे तुकडे झाले. डोंगर गेले. आज दुसऱ्यांनी चढलेले डोंगर तू टेबलाशी बसून कागदावर उतरवतोस.

आणि तुला राग गुडघ्याचा नाहीच, हेही मला माहीत आहे. तू दवाखान्यात बाबांना एकच विचारलं होतंस, "लॉकनट आवळला होता का?" आणि ज्या माणसाने जन्मभर आपल्या दोघांना लॉकनटवरून फैलावर घेतलं, तो म्हणाला, "राहिला असेल." बस. चुकलो नाही, माफ कर नाही, डोळ्यांत पाणी नाही. 'राहिला असेल,' जसं काही पिशवीतलं लिंबू बाजारात राहिलं.

त्या दोन शब्दांवर तू घर सोडलंस. मला ते कळतं. फक्त, ते बोलताना बाबा तुझ्याकडे बघत नव्हते, हे तुझ्या लक्षात आलं होतं का?

जाऊ दे. तू ये. भांडायला ये, पण ये.

तुझी,
वायसर

१९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहीत राहणार, मला खोड आहे.

डॉक्टर काल येऊन गेले. गोळ्या वाढवल्या. बाबा आता एक वाक्य दोन दमांत बोलतात. त्यामुळे शिव्याही हप्त्याने मिळतात. पण डोकं लख्ख आहे. मागच्या चाकाला चाळीस स्पोक आणि पुढच्याला बत्तीस, हे मी उलटं सांगून बघितलं, तर डोळे न उघडता म्हणाले, "वेडी आहेस का?"

मागचं हब उघडलं. त्याची कथा अशी, की आतलं तेल वाळून गोंद झालं होतं. तीन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं. उजवीकडची गोल कडी सोडवण्याआधी बाबांनी तिच्यावर आणि हबवर मिळून एक खूण करायला लावली. तिचे आटे दोन तोंडांचे असतात, चुकीच्या तोंडातून बसवलं तर बसतं, पण चाक पुन्हा सरळ चालत नाही. "खूण केल्याशिवाय उघडायचं नाही," म्हणाले. मग छर्रे, चार चिमुकली दातेरी चाकं, आणि केसाएवढ्या स्प्रिंगा. स्प्रिंगा गंजून गेल्या होत्या. दुकानात मिळेनात. तेव्हा मी काय केलं असेल? वेडेवाकडे दात सरळ करायची तार असते ना आमच्याकडे, तिच्या नवीन वळल्या. बाबांनी चष्मा लावून उजेडात धरून बघितल्या. एक परत दिली, "ही ढिली." बाकीच्या ठेवल्या. मला बारावीच्या निकालालाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

तुला आठवतं, दुकानात आपली रीत काय होती? गेअर लावला की लॉकनट लगेच आवळायचा नाही. आधी मालकाने एक चक्कर मारून यायची. आला की त्याला विचारायचं, मग लॉकनट आवळायचा, आणि मगच सीटवर दोन थापा. थाप पडली की सायकल मालकाची. गिऱ्हाइकं गंमत करायची, "मिस्त्री, थापा मारता की काय?" आणि बाबांचं ठरलेलं, "आम्ही थाप फक्त सीटवर मारतो." रोज तोच विनोद, रोज तेच हसणं.

हबच्या टोकाला जी बारीक साखळी असते, तिच्यावरचा तो लॉकनट मी काल बघितला. अपघातानंतर सायकल तशीच माळ्यावर गेली, कोणी हात लावला नाही. नट आट्यांच्या पार टोकाला आहे, आणि गंजून तिथेच चिकटलाय. कोणी कधी आवळलाच नव्हता. बाबांनी मला त्याच्याकडे बघताना बघितलं. मी त्यांना बघितलं. मग ते म्हणाले, "चहा कर."

यापुढे चार ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्यात. उजेडात धरून वाचायला जाऊ नकोस, नीट गिरवून खोडल्यात.

बाबा तुझी वाट बघतायत. म्हणत नाहीत. पण दारावर कोणाचंही बोट वाजलं की मान उचलतात.

तुझी,
वायसर

२६ फेब्रुवारी

दादा,

लॉकनट बाबांकडून राहिला नव्हता. माझ्याकडून राहिला.

एवढं एक वाक्य लिहायला मला तीस वर्षं लागली आणि आज दुपारचे तीन तास. आता बाकीचं सांगते.

तू आदल्या दिवशी म्हणाला होतास, दुसरा गेअर सरकतो. बाबांनी सकाळी मला सांगितलं, "तू लाव, मी येऊन बघतो." मी चौदा वर्षांची होते, मला आभाळ ठेंगणं झालं. हबच्या नटच्या भोकातून बघून मी साखळीची पिन बरोबर दांड्याच्या टोकाला आणली, अगदी बिनचूक. लॉकनट सैल ठेवला, कारण रीतच ती. तू चक्कर मारायची, बाबांनी बघायचं, मग आवळायचा. बाबा मागे मोरीवर हात धूत होते. तू आत बुटांना पॉलिश करत होतास.

मी त्या सीटकडे बघत उभी राहिले. ती थाप मला कधी मारायला मिळाली नव्हती. पंक्चर काढायला मिळायचं, चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला मिळायचा, थाप मात्र बाबांचीच. मला फक्त कशी वाजते ते बघायचं होतं. मारली. दोन. अगदी बाबांसारखी वाजली. मला स्वतःलाच हसू आलं आणि मी पळत जाऊन फळीमागे लपले.

तू थाप ऐकलीस. बाहेर आलास, सायकल स्टँडवरून काढलीस आणि मागे न बघता म्हणालास, "येतो, बाबा." आणि गेलास.

मला हाक मारता आली असती. तू कोपऱ्यापर्यंत पोचायला अर्धं मिनिट लागलं असेल. मी हाक मारली नाही, कारण मी खूश होते. माझी थाप बाबांची म्हणून खपली, याचा मला इतका आनंद झाला होता, की मला लॉकनट आठवलाच नाही. बाबा हात पुसत आले, "सायकल कुठाय?" मी म्हटलं, "दादा गेला." त्यांनी माझ्या हातातला पान्हा बघितला. "लॉकनट?" ते अनवाणी धावत सुटले. आयुष्यात त्यांना धावताना मी तेव्हाच बघितलं.

दवाखान्यात तू विचारलंस तेव्हा मी पडद्याला धरून उभी होते. बाबा माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे बघत त्यांनी तुला उत्तर दिलं. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून ते तसं ओबडधोबड आलं. 'मी चुकलो' म्हणायचं त्यांच्याच्याने झालं नाही, कारण ते चुकले नव्हते.

घरी आल्यावर मी रडून गोंधळ घातला, सांगते म्हटलं. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. म्हणाले, "तो माझ्यावर रागावून जगेल. बापावर रागावून पोरं जगतात. तू त्याने वाढवलेली आहेस. तुझ्यावर रागवायची पाळी आली तर तो मोडेल, आणि तूही."

खरंच तू वाढवलं होतंस मला. वेण्या तू घालायचास, एक वर, एक खाली. तूच नाव ठेवलंस वायसर, तुम्हा दोघांच्या मधे सदा चेपून बसलेली म्हणून.

वचनाची गोष्ट मात्र पूर्ण सांगायला हवी. चौदाव्या वर्षी ते वचन मला जड होतं. विसाव्या वर्षापासून ते सोयीचं झालं. तुझं पत्र आलं की बाबा विचारायचे, "बरा आहे ना?" आणि मी ते मोठ्याने वाचून दाखवायचे. त्यात कधीही त्यांचं नाव नसायचं. मी मधे मधे माझ्या मनाने 'बाबांना नमस्कार' घालून वाचायचे. त्यांना कळत असणार. तू त्यांच्याशी बोलत नाहीस आणि माझ्याशी बोलतोस, हे सगळं मी तीस वर्षं खाल्लं. त्यांच्या वाटणीचंही.

आज मी त्यांना सांगितलं, मी दादाला सगळं लिहिणार. वाटलं होतं चिडतील. त्यांनी चष्मा काढून उशीवर ठेवला. मग म्हणाले, "लिही. मलाही आता... तो बघायचाय."

दादा, ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या हातचं पाणी पिऊ नकोस, पण त्यांच्यापाशी येऊन बस. त्यांना अजून बोलता येतंय.

वायसर

ता. क. (४ मार्च) : हे पत्र टाकायचं राहून गेलं होतं. आज टाकतेय. लवकर ये.

१७ मार्च

दादा,

तू आलास तेव्हा सगळं उरकून एक दिवस झाला होता. सहा तारखेला संध्याकाळी बाबा गेल्याचं सांगायला मी फोन केला, वहिनीने घेतला, मागे तुझा आवाज आला, "बरं." मला नवल वाटलं नाही. पत्र तुला सातला मिळालं आणि आठला दुपारी तू दारात होतास. आखडलेला पाय आधी, मग दुसरा, अशा तीन पायऱ्या तू चढलास. केस पांढरे झालेत तुझे. मी फोटोत बघितले होते, पण फोटोत इतके दिसत नाहीत.

तू बाबांच्या रिकाम्या पलंगाकडे बघितलंस. फ्रेम रंगवून तयार होती, मागचं चाक बसवलेलं होतं, भिंतीला टेकून उभी होती, तिच्याकडे बघितलं नाहीस. खिशातून पाकीट काढलंस आणि म्हणालास, "आत सव्वीस तारीख आहे. वर शिक्का चारचा आहे. सहा दिवस हे कुठे होतं?"

मी म्हटलं, "पर्समध्ये."

तू म्हणालास, "त्यांना माहीत होतं?"

मी म्हटलं, "नाही. त्यांना मी टाकलं म्हणून सांगितलं होतं."

तू खुर्चीच्या पाठीला धरलंस. मग तू जे बोललास ते माझ्या कानात अजून आहे. "लॉकनट चौदा वर्षांच्या पोरीने सैल सोडला, तिचा मला राग नाही. कुठल्याही पोरीने सोडला असता. पण हे पत्र पर्समध्ये ठेवणारी बाई चव्वेचाळीस वर्षांची आहे." आणि तू गेलास. पाणीसुद्धा मागितलं नाहीस.

तू विचारलंस तेवढंच मी सांगितलं. पण ते सहा दिवस तुझे आहेत, बाबांचे शेवटचे आहेत, आणि ते फक्त मी बघितलेत. तुला ते देणं मला भाग आहे. वाचवलं नाही तर ठेवून दे.

सव्वीसला संध्याकाळी त्यांनी विचारलं, "टाकलंस?" पाकीट पर्समध्ये होतं. मी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जाऊन परत आले होते. मी म्हटलं, "टाकलं." ही माझी दुसरी थाप, आणि ही खेळात मारलेली नव्हती. मला वाटलं, सकाळी टाकेन, काय फरक पडतो.

सत्तावीसला त्यांनी बोटांवर हिशेब केला. तीन दिवसांनी पोचेल, चौथ्या दिवशी तो निघेल. म्हणाले, "त्याला जिना जड जाईल." म्हणून सुतारकाकांना बोलावून पलंग खालच्या खोलीत आणवला. पलंग उतरवताना त्यांना इतका दम लागला, की मी घाबरले, पण ते खुशीत होते. त्या दिवशी कवळ्यांच्या खोलीतून येताना मी पुन्हा पेटीपाशी थांबले. पुन्हा परत आले.

एक तारखेला म्हणाले, दाढी कर. मी केली. गालावर एक जागा राहिली, ती त्यांनी हाताने चाचपून दाखवली, "हे काय? तो हसेल." त्या दिवशी त्यांनी हबला तेल घालायला लावलं, आणि तिन्ही गेअर फिरवून आवाज ऐकला. दुसऱ्या गेअरची टिकटिक ऐकून म्हणाले, "बरोबर." मग दाराकडे तोंड करून बसले.

दोनला, तीनलाही तसेच बसले. मी कामाला गेले नाही. त्यांच्यासमोर बसून तुझी वाट बघायचं नाटक केलं, दादा. तो माणूस वाट बघतोय, मीही बघतेय, आणि पत्र दोन हातांवर खुंटीला लटकलेल्या पर्समध्ये.

का, हे तू विचारलं नाहीस, पण मी सांगते. बाबा जाणार हे ठरलेलं होतं. मग मला या जगात वायसर म्हणणारा एकटा तू उरणार होतास. ते पाकीट पेटीत पडलं की तोही जाणार. रोज वाटायचं, एक दिवस आणखी. एक दिवस आणखी बहीण राहू दे. बाबांचे दिवस संपत होते आणि मी माझे वाढवत होते. यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही. मी खूप शोधलं.

तीनला संध्याकाळी ते म्हणाले, "रागावला असेल. तीस वर्षं चुकीच्या माणसावर रागावलो, हे कळल्यावर... माणसाला वेळ लागतो. त्याला दोष देऊ नकोस." तुझी बाजू घेत होते. तू काहीच केलेलं नसताना. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले आणि चार तारखेला सकाळी पळत जाऊन पत्र टाकलं. परत येऊन त्यांना खरं सांगायला हवं होतं. 'बाबा, त्याला अजून माहीतच नाही, तो येईल.' एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. मी म्हटलं नाही. मला वाटलं तू पोचशील, आणि सगळं झाकलं जाईल.

सहाला दुपारी ते शांतपणे म्हणाले, "नाही यायचा तो आता." राग नव्हता. मला म्हणाले, "तू जप." मी त्यांचा हात धरला होता. मला तेव्हाही सांगता आलं नाही. सहा वाजायच्या सुमारास गेले.

तू सगळं वाचलंस, तुला कळलं, आणि तरी तू आला नाहीस, असं समजून ते गेले. हे मी केलं. तुझा गुडघा मी अजाणता मोडला होता. हे जाणूनबुजून केलं.

माफ कर असं लिहिणार नाही. त्यांची माफी मागायची होती, ती वेळ मी घालवली. तुझी मागायला मला तोंड नाही. तू उत्तर देऊ नकोस, फोन उचलू नकोस, मी समजेन. पण त्यांनी तुला दोष दिला नाही, हे तुझ्यापर्यंत पोचायलाच हवं. ते माझ्यापाशी राहता कामा नये.

कोपऱ्यावरची पेटी चार वाजता उघडतात. आत्ता साडेतीन झालेत. पाकीट चिकटवते आणि निघते.

तुझी बहीण